बीएस्सी: संख्याशास्त्र मेजर घ्यावा की भूशास्त्र?

मुळशीकर
भाची यंदा बारावी सायन्स झाली. गणित आहे, बायो नाही. इंजिनिअरिंग नको म्हणते. पुण्यात बीएस्सीला घालायचं आहे. संख्याशास्त्र आणि भूशास्त्र दोन्ही तिच्या डोक्यात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातलं मेजर, मायनर, ओई हे काही उलगडत नाही. मेजर आत्ताच ठरवावा लागतो का? पुढे बदलता येतो का?

कोरडवाहू
पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला तीन विषय असतात, तिन्हींना सारखीच क्रेडिट (म्हणजे शिकवण्याच्या तासांवर मोजलेले गुणांक). दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य विषय) होतो, एक मायनर (जोडविषय), तिसरा सुटतो. त्यामुळे मेजर आत्ता लिहून द्यावा लागत नसला तरी खरा निर्णय आत्ताच होतो. पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो पुढे मेजर म्हणून मागता येत नाही. स्वायत्त महाविद्यालयांची मांडणी वेगळी असू शकते, तिथे ऑफिसात विचारून घ्या.

फॉर्म भरण्याआधी प्रॉस्पेक्टसमधले विषयगट बघा. दोन्ही विषय कॉलेजात असले तरी एकाच गटात असतीलच असं नाही. प्रॅक्टिकलच्या वेळा एकमेकांवर येतात. शिवाय मायनरला पुरेशी मुलं जमली नाहीत तर कॉलेज तो चालवत नाही, हेही विभागात जाऊन विचारा.

ओईच्या भरवशावर विषय सोडू नका. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो, म्हणजे सायन्सच्या मुलांना वाणिज्य, कला वगैरे.

आकडेमोडे
संख्याशास्त्र म्हणजे सरासरी आणि आलेख, असं समजून येणारी मुलं संभाव्यतेच्या वितरणांपाशी अडकतात. तिथे इंटिग्रेशन आणि अनंत श्रेणी रोज लागतात. म्हणून या विषयाच्या जोडीला गणित हवंच, निदान मायनर तरी. पहिल्याच वर्षी गणित सोडलं की पुढे एमएस्सीच्या बऱ्याच प्रवेशांत 'पदवीला इतकी सेमिस्टर गणित' ही अट आडवी येते.

फायद्याची बाजू: केंद्र सरकारच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसच्या परीक्षेला पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी चालतो, एमएस्सीसाठी थांबावं लागत नाही. खासगी नोकरीत मात्र नुसती पदवी दाखवून भागत नाही. आर किंवा पायथन या संगणक भाषांमध्ये स्वतः केलेलं काम लागतं, ते दुसऱ्या वर्षापासून सुरू करा.

काळा कातळ
भूशास्त्राचं याच्या उलटं आहे. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेला, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळातल्या पदांना, पदव्युत्तर पदवी लागते. तीन वर्षांवर थांबायचा विचार असेल तर हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

कामाचं स्वरूपही आधी कळू द्या. प्रयोगशाळेत खडकाचा ०.०३ मिमी जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत खनिज ओळखायचं. त्याच जाडीला क्वार्ट्झ फिकट करडा दिसतो; काप जाड राहिला तर पिवळट दिसतो आणि ओळख चुकते. फील्डवर क्लिनोमीटरने थरांचा कल मोजून नकाशा करायचा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास असतात, प्रॅक्टिकलला ३०. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल १५ आठवडे, आठवड्याला चार तास. उन्हातान्हात फिरायची तयारी नसेल तर मार्क कितीही असोत, जमत नाही.

मुळशीकर
मग गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र असा गट मिळाला तर? आणि चौथं वर्ष करावं का?

कोरडवाहू
मिळाला तर डोळे झाकून घ्या, वर्षभरात तिचं तिलाच कळेल. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र मेजर ठेवलं तर गणित मायनर. भूशास्त्र मेजर ठेवलं तर मायनरला दोन्हींपैकी कुठलंही चालेल. भूजल आणि खनिज साठ्यांच्या अंदाजात संख्याशास्त्र चांगलं उपयोगी पडतं.

चौथ्या वर्षाचं आत्ता ठरवू नका. संशोधनासह ऑनर्स, म्हणजे संशोधन असलेली चार वर्षांची पदवी, करायला पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, आणि कॉलेजात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शकही हवेत. चार वर्षं केली तर एमएस्सी एका वर्षाची होऊ शकते, तीनवर बाहेर पडली तर दोन वर्षांची. भूशास्त्रवाल्यांना मास्टर्स करायचंच असतं, त्यामुळे दोन्हीकडे एकूण वर्षं पाचच.

आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) प्रवेशावेळीच काढून घ्या. आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर क्रेडिट खात्यात जमा होताना घोळ होतो. आधी नाव दुरुस्त करा, मग आयडी काढा.