मदत हवी आहे: न्हाणीच्या भिंतीला भर मे महिन्यात ओल

दर्यापूर तालुक्यातलं घर, ९ इंची विटांची भिंत, वर स्लॅब. न्हाणीमागच्या खोलीत भिंतीला जमिनीपासून ३ फुटांपर्यंत पोपडे सुटलेत, पांढरी भुकटी झडते. टेकून ठेवलेल्या कपाटाची प्लाय मागून फुगली. खिडकीत कूलर आहे. गवंडी म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारू. मारावा का?

काळीमाती: नका मारू भाऊ. रंगाने ओल अडते, संपत नाही. आज ३ फुटांवर आहे, उद्या ४ वर फुटेल. आधी पाणी कुठलं ते शोधा. न्हाणीची जाळी प्लास्टिक-कापडाने बुजवा, २ इंच पाणी भरा, खूण करा, २४ तास वापर बंद. पातळी चांगली उतरली तर फरशीचे सांधे गेले. मग रात्री सगळे नळ बंद, टाकीचा व्हॉल्व्ह मात्र उघडा, टाकीत पातळीची खूण. सकाळी कमी दिसली तर भिंतीतली पाइप. आणि त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर त्याची लाइन आजच बंद करा.

ओळंबा: जाळी बुजवली की पुढची सांडपाण्याची पाइप तपासलीच जात नाही, आणि बहुतेक वेळा चोर तोच असतो. जाळी उघडून नीळ घातलेलं ५-६ बादल्या पाणी सोडा, बाहेर पाइप निघते तिथली माती उकरून पाहा.
भुकटी म्हणजे खार. तुम्ही खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट; कूलरला बोअरचं पाणी असेल तर त्याच्या गवती ताट्यांतून झिरपून तेच भिंतीत मुरतं. ४ दिवस कूलर बंद ठेवा (मे महिन्यात ही शिक्षाच आहे म्हणा).

धागाकर्ता: पातळी उतरली नाही, टाकीही तशीच. बाहेर माती निळी निघाली.

ओळंबा: मग सांडपाण्याच्या पाइपचा सांधा फुटला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्या ओढाताणीत पाइप सरकते. नवी टाकताना भोवती काळी माती परत भरू नका, मुरूम भरून धुमस करा.

काळीमाती: आतलं काम घाईने नको. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर खरवडा, विटांचे सांधे अर्धा-पाऊण इंच खोल उकरा. खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला की विरघळून परत आत जातो. खरवडलेला मलबाही लगेच बाहेर. ९ इंची भिंत वाळायला महिने लागतात, तेव्हा हा पावसाळा विटा उघड्याच राहू द्या. दिवाळीनंतर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून २ दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा. मग सिमेंट, चुना, वाळू १:१:६, पाणी गोडंच. वर चुन्याची सफेदी, ऑइलपेंट नको.

ओळंबा: बाहेरचं काम तेवढं पहिल्या पावसाआधी करा. जोत्यालगत मातीला भेग पडली असेल तर पहिलं पाणी सरळ पायव्यात जातं. अंगण जोत्याच्या किमान ६ इंच खाली हवं, ३ फूट पट्टा मुरमाचा, उतार बाहेर. कपाट परत लावण्याआधी दाराच्या चौकटीचा बुड पेचकसाने टोचून पाहा. आत रुतला तर लाकूड कुजलं किंवा उधई लागली.