ब्रेकचं काम झाल्यावर पेडल खोल जातंय, मदत हवी आहे

गाडी पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पुढचे पॅड, डिस्क आणि दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे) नवे टाकले, मागे ब्रेक शू आणि ते ड्रमवर ढकलणारे व्हील सिलेंडर बदलले. मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) जुनाच. तेव्हापासून पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळापर्यंत जातं. लागोपाठ दोन-तीनदा मारलं की वर येतं, कडक होतं. जरा थांबलं की पुन्हा तेच.

ब्रेकच्या तेलातली हवा काढून झाली आहे. ब्रेक ऑइल डॉट-४, सीलबंद डब्यातलं. सगळ्यात लांबचं चाक आधी, मग जवळचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडायचा, निपल बंद झाल्यावरच पाय उचलायचा. टाकीतलं तेल खाली जाऊ दिलं नाही. आता नळीतून एकही बुडबुडा येत नाही. गळती कुठेच नाही, व्हील सिलेंडरच्या रबराखालीही कोरडं आहे. कॅलिपर डावे-उजवे झालेत का तेही पाहिलं. दोन्ही निपल वरच्या बाजूलाच आहेत. (निपल खाली आला तर कितीही तेल सोडा, हवा वर अडकूनच राहते.)

कडक झालेलं पेडल दाबून धरलं तर खाली सरकत नाही. म्हणून मास्टर सिलेंडरवर माझा संशय नाही, पण जो तो तोच बदलायला सांगतोय. याच गाडीतून घरची माणसं जातात, त्यामुळे कारण सापडेपर्यंत गाडी उभी ठेवली आहे. अजून काय पाहू?

प्रतिसाद:
मास्टर सिलेंडरला तूर्त हात लावू नका. हवा असती तर पंप करून वर आलेलं पेडलही थोडं दबत राहिलं असतं. तुमचं पेडल खोल आहे, पण स्पंजी (स्पंजसारखं दबणारं) नाही. अशा वेळी मी आधी मागचे शू बघतो. नव्या शूंवर ड्रम चढावा म्हणून अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) आत फिरवतात आणि बरेचदा तो तसाच राहतो. मग शू ड्रमला टेकेपर्यंतच पेडल संपतं.

हँडब्रेक पूर्ण ओढून (त्याने मागचे शू ड्रमला टेकतात) पेडल दाबा. पहिल्याच दाबाला वर लागलं तर दोष मागे आहे. मग हँडब्रेकची केबल सैल करा आणि चाक हाताने फिरवताना शू हलकेच घासेल इतका अ‍ॅडजस्टर उघडा. केबल सगळ्यात शेवटी ताणायची. आधी ताणली तर ती शूंना ओढून धरते आणि अ‍ॅडजस्टरचा अंदाज चुकतो.

फरक पडला नाही तर होज क्लॅम्पने एकेक रबरी होज दाबून पेडल बघा. ज्या होजला पेडल वर येईल, त्या चाकाकडे शोधा. पक्कड वापरू नका, होज आतून फाटतो.

धागाकर्ता:
हँडब्रेक ओढल्यावर पेडल पहिल्याच दाबाला वर आणि कडक! ड्रम काढले. डावीकडचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत आहे, उजवा थोडा बाहेर. दोन्ही बाजू जुळवतो, केबल शेवटी ताणतो आणि काय झालं ते इथेच लिहितो. मनापासून आभार.