मदत हवी आहे: तपकिरी फुलपाखरू, कडेला नारिंगी ठिपके. नक्की कोणतं? (इंग्लंड)

भिंगरी
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर हवं आहे. रविवारी फिरायला गेलो होतो, तिथे एक लहानसं तपकिरी फुलपाखरू दिसलं. पंखांच्या कडेला नारिंगी ठिपक्यांची ओळ आहे. फोटो जोडला आहे. अ‍ॅप एका फोटोला ब्राउन आर्गस म्हणतंय आणि त्याच फुलपाखराच्या दुसऱ्या फोटोला कॉमन ब्लू. पण यात निळं काहीच नाही! आमच्या गावच्या निसर्गगटाला आज रात्रीपर्यंत यादी पाठवायची आहे आणि मला अंदाजपंचे नाव लिहायचं नाही. कोणी खात्रीने सांगेल का?

कोकणकडा
गेटकीपर. ऑगस्टमध्ये इंग्लंडात तपकिरी-नारिंगी दिसलं की दुसरं काही नसतं. आमच्या लेस्टरच्या बागेमागे ब्लॅकबेरीच्या जाळीवर रोज बसलेली असतात.

पाऊलवाट
कोकणकडा, हे गेटकीपर नाही. गेटकीपरच्या पुढच्या पंखावर नारिंगीचा मोठा भाग असतो, त्यात डोळ्यासारखा गोल काळा ठिपका आणि त्या डोळ्यात बहुधा दोन पांढरे ठिपके. मेडो ब्राउनच्या डोळ्यात बहुधा एकच. या फोटोत डोळाच नाही, कडेने सुटे सुटे नारिंगी ठिपके आहेत. हे 'ब्लू' म्हणतात त्या छोट्या फुलपाखरांच्या कुटुंबातलं आहे.
भिंगरी, तुम्ही कुठे गेला होतात? खालच्या बाजूचा फोटो आहे का? आकार साधारण किती?

भिंगरी
लहान म्हटलं ना. ठिकाणाने काय फरक पडतो? फोटो स्पष्ट आहे.

एडिंबरोकर
ताई, ठिकाणाने फार फरक पडतो. इकडे एडिंबरोत आर्थर्स सीट टेकडीच्या उतारावर मी हाच फोटो काढला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. स्कॉटलंडात असतं ते नॉर्दर्न ब्राउन आर्गस, आणि इथल्या फुलपाखरांच्या पुढच्या पंखावर मधोमध एक पांढरा ठिपका असतो. दक्षिणेत ते सापडत नाही. उत्तर इंग्लंडच्या काही भागांत मात्र दोघांमध्ये भल्याभल्यांचा गोंधळ होतो. तेव्हा जागा सांगा.

मधुमालती
फुलपाखरांचं मला फार कळत नाही, पण उंच गवतातून फिरलात तर घरी आल्यावर टिक (गोचिडासारखे रक्त पिणारे किडे) चावलेत का ते बघा. गुडघ्याच्या मागे, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेने. चिकटलेला असेल तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, तेल किंवा व्हॅसलीन लावत बसायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि टिक चावल्याचं आवर्जून सांगा. टिकमुळे होणारा लाइम रोग अंगावर काढायचा आजार नाही.

भिंगरी
मधुमालती, धन्यवाद, पण मला नाव हवं आहे.
ठिकाण बॉक्स हिल, सरे. डॉर्किंगच्या बाजूचा उतार. अजून काय हवंय?

रानभूल
बॉक्स हिल म्हणजे चॉकची (मऊ पांढऱ्या चुनखडीची) टेकडी, तेव्हा यादी लांबली. ऑगस्टमध्ये तिथे कॉमन ब्लू, चॉकहिल ब्लू, अडोनिस ब्लू आणि ब्राउन आर्गस अशी चारही उडतात. आणि पहिल्या तिघांच्या माद्या तपकिरी असू शकतात, कडेला नारिंगी ठिपके असलेल्या. म्हणून अ‍ॅप गडबडलं. "निळं नाही" एवढ्यावरून कॉमन ब्लू बाद होत नाही.
हे बघून सांगा: १) पंखांची पांढरी किनार सलग आहे की मधून मधून काळ्या रेघांनी तुटलेली? २) अंगाजवळ निळ्या खवल्यांची जराशी तरी झाक आहे का? ३) पंख मिटलेला फोटो आहे का? ४) गवत कसं होतं, आसपास कुठली फुलं होती?

सह्यभटक
मी पुण्याचा आहे, तरी विचारतो. एवढा खल कशाला? जाळीने पकडायचं, पारदर्शक डबीत ठेवायचं, दोन्ही बाजू बघून सोडून द्यायचं. कॉलेजात असताना आम्ही असंच शिकलो. शिवाय तुमच्याकडची काही फुलपाखरं आमच्याकडचीच आहेत. पेंटेड लेडी इथेही दिसते, तिथेही. पी ब्लू तर आमच्याकडे तुरीच्या शेतात भरपूर. तेच लाँग-टेल्ड ब्लू नावाने तुमच्या दक्षिण किनाऱ्यावर फ्रान्सकडून येतं म्हणे.

पाऊलवाट
येतं, बरोबर आहे. बागेतल्या एव्हरलास्टिंग पी या वाटाण्याच्या कुळातल्या वेलीवर अंडी घालतं. पण पकडण्याचा सल्ला नवख्या माणसाला देऊ नका. काही जातींना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. शिवाय बोटाने पंखावरचे खवले निघतात ते निघतातच. जवळ फोकस होणारी दुर्बीण घ्या. अर्ध्या मीटरवरचं दिसणाऱ्या दुर्बिणी मिळतात, त्यात टाचणीएवढा ठिपकाही स्वच्छ दिसतो.

सह्यभटक
प्रत्येकाला दुर्बीण परवडते असं नाही. डबी घरात असते. आणि नीट पकडलं तर काही होत नाही.

कोकणकडा
दुर्बीण कशाला, फोनचा कॅमेरा पुरतो. माझं मत अजून गेटकीपरच.

रानभूल
सह्यभटक, सराव असलेल्या माणसाने पकडलं तर इजा होत नाही, हे मान्य. पण बॉक्स हिल संरक्षित जागा आहे, तिथे परवानगीशिवाय जाळी चालवू नये. फोनने उत्तम काम होतं. फक्त सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही आणि खाली बसून हळूहळू पुढे सरकायचं. सकाळी लवकर किंवा ढग आल्यावर ही मंडळी गवताच्या काडीवर पंख मिटून बसतात. खालची बाजू टिपायला तीच वेळ चांगली.

भिंगरी
घरी येऊन फोटो मोठे करून बघितले. किनार पांढरी आणि सलग आहे, कुठेही तुटलेली नाही. निळी झाक अजिबात नाही, अंगाजवळचे केससुद्धा तपकिरी. नारिंगी ठिपके पुढच्या पंखावरही टोकापर्यंत गेले आहेत. गवत आखूड होतं, मधूनमधून पिवळी पाच पाकळ्यांची नाजूक फुलं. पंख मिटलेला एक फोटो आहे, जोडते. त्याच फुलपाखराचा, ते उडालं नव्हतं. आकार अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. आता तरी?

रानभूल
आता बोलता येईल.
किनार सलग, म्हणजे चॉकहिल आणि अडोनिस दोन्ही बाद. त्यांच्या शिरा पांढऱ्या किनारीतून आरपार जातात. राहिले कॉमन ब्लूची मादी आणि ब्राउन आर्गस. पुढच्या पंखावर टोकापर्यंत भरलेले नारिंगी ठिपके आणि निळ्याचा पूर्ण अभाव, हे आर्गसच्या बाजूने आहे. पण एवढ्यावर शिक्का मारू नये, कारण दक्षिणेत कॉमन ब्लूच्या काही माद्या जवळजवळ पूर्ण तपकिरी असतात. खरा पुरावा खालच्या बाजूला.
तुमच्या मिटलेल्या पंखांच्या फोटोत पुढच्या पंखाच्या आतल्या भागात, अंगाच्या बाजूला, सुटा काळा ठिपका नाही. कॉमन ब्लूला तो बहुतेक वेळा असतो. आणि मागच्या पंखाच्या वरच्या कडेशी बघा. दोन काळे ठिपके विसर्गासारखे एकमेकांना चिकटून आहेत. कॉमन ब्लूमध्ये त्यांच्यात अंतर असतं. ब्राउन आर्गस, माझ्याकडून खात्रीने. पिवळी फुलं रॉकरोझची असणार, त्याचे सुरवंट चॉकवर तेच खातात.

कोकणकडा
मीही फोटो मोठा करून बघितला. डोळा नाही, पटलं. पण मग नुसतं "ब्लू" लिहून पाठवलं तर काय बिघडतं? गावच्या यादीला एवढी काटेकोर ओळख कशाला?

रानभूल
बिघडतं, आणि हेच मला सांगायचं आहे. ब्राउन आर्गस पूर्वी मुख्यतः दक्षिणेच्या चॉक आणि चुनखडीच्या उतारांवर रॉकरोझच्या आधाराने राहायचं. उन्हाळे तापत गेले तसं ते क्रेन्सबिल आणि स्टॉर्क्सबिल या रानटी जिरेनियमच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालत उत्तरेकडे सरकलं. आपल्याला हे समजलं ते गावोगावच्या लोकांनी नाव, जागा आणि तारीख नीट लिहून ठेवल्यामुळे. ठरलेल्या वाटेवर दर आठवड्याला चालून मोजण्याची पद्धत इथे १९७६ पासून देशभर चालू आहे. मी स्वतः एक वाट चालते. तापमान १३ अंशांखाली असेल तर मोजणी करत नाही, १३ ते १७ मध्ये चांगलं ऊन असेल तरच. इतकं जपून गोळा केलेल्या नोंदींमध्ये एक "ब्लू" पडला की तो कुठेच वापरता येत नाही.

एडिंबरोकर
लार्ज ब्लूचं तर हेच झालं. सगळ्यांना वाटत होतं, गोळा करणारे हौशी लोक त्याला संपवताहेत. खरं कारण मुंगी होती. त्याचा सुरवंट लाल मुंग्यांच्या एका ठराविक जातीच्या वारुळात राहून त्यांची पिल्लं खातो. १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले, गवत वाढलं, जमीन गार झाली, त्या मुंग्या गेल्या. हे पुरतं उमगेपर्यंत उशीर झाला होता आणि १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नाहीसं झालं. नंतर स्वीडनहून आणून पुन्हा वसवलं. आता जूनमध्ये सॉमरसेटच्या कॉलर्ड हिलवर लोक ते बघायला जातात. मीही गेलो होतो, उतारावर दोन तास उभा राहिलो आणि दिसलं तेव्हा पोटातून आनंद झाला.

सह्यभटक
हे मला माहीत नव्हतं. मुंगी ओळखायला किती वर्षं लागली असतील!

मधुमालती
आमच्या बागेत नॅस्टर्शियमवर पिवळे-काळे सुरवंट आलेत, ढीगभर. ते कशाचे?

पाऊलवाट
लार्ज व्हाइटचे. झाड खाऊन टाकतील, पण शक्य असेल तर राहू द्या. कोबी लावला असेल तर त्याला जाळी घाला.

भिंगरी
रानभूलताई, मनापासून आभार. यादीत ब्राउन आर्गस लिहिलं, शेजारी रॉकरोझ आणि आखूड गवत हेही लिहिलं. आता शेवटचं एक: त्याच उतारावर छोटं नारिंगी स्किपर फुलपाखरूही होतं, पंख तिरपे उचलून बसलेलं. पाठीकडून एकच फोटो आहे. स्मॉल की एसेक्स?

रानभूल
त्यासाठी अँटेनाचं टोक समोरून किंवा खालून दिसायला हवं. एसेक्सचं टोक खालून काळंभोर, स्मॉलचं नारिंगी-तपकिरी. पाठीमागून काढलेल्या फोटोत ते दिसत नाही, मोठा करूनही नाही. यादीत "स्मॉल किंवा एसेक्स स्किपर" असं लिहा, नोंदी तपासणारे ते घेतात. पुढच्या वेळी त्याच्या समोर जाऊन गवतात आडवं व्हा आणि डोक्याचा फोटो काढा.