एक्सएसएलटीमध्ये लेखक-शोध फार मंद: की वापरावी की मॅप?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. आमच्या वाचनालयातील ४०,००० पुस्तकांच्या नोंदी एका एक्सएमएल फाइलमध्ये असून ४,००० लेखकांची माहिती दुसऱ्या फाइलमध्ये आहे. एक्सएसएलटीने (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) एचटीएमएल पाने तयार करताना पुस्तकातील लेखक-क्रमांकावरून नाव काढण्यासाठी मी एक्सपाथमध्ये (एक्सएमएलमधले भाग निवडण्याची भाषा) चौकटी कंसातली अट घालतो, आणि सगळे रूपांतरण संपायला चाळीस मिनिटे जातात. यावर की (आधीच बांधलेली शोधसूची) बरी, का मॅप (क्रमांक आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांचा संच)? (मराठीतला ‘की’ आणि हा ‘की’ एका वाक्यात आले म्हणजे पंचाईतच होते.)

उत्तर (म्हापसा)
सूची नसेल तर आपल्या अटीमुळे प्रत्येक पुस्तकामागे लेखकांची फाइल नव्याने चाळली जाते, म्हणजे सुमारे १६ कोटी तुलना होतात. स्टाइलशीटच्या (रूपांतराचे नियम लिहिलेल्या फाइलच्या) सर्वांत वरच्या पातळीवर एक्सएसएल-की घोषित करून मॅचमध्ये लेखकाचा घटक आणि यूजमध्ये त्याचा क्रमांक द्यावा. मग प्रोसेसर (रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ती फाइल सहसा एकदाच चाळून सूची बांधतो आणि पुढचा प्रत्येक शोध थेट लागतो. ही सोय १९९९ च्या १.० आवृत्तीपासून आहे, मात्र तिथे शोध चालू नोडच्याच (त्या क्षणी हाताळल्या जाणाऱ्या भागाच्या) दस्तऐवजात होत असल्याने आधी फॉर-ईचने लेखकांच्या फाइलमध्ये जावे लागते. २००७ च्या २.० आवृत्तीत की फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट (कोणत्या दस्तऐवजात शोधायचे ते) देऊन हे काम भागते.

प्रश्नकर्ता
सॅक्सन या प्रोसेसरवर २.० मध्ये करून पाहिले. वेळ झपाट्याने उतरला, पण सगळी नावे कोरी आली आणि त्रुटीचा संदेशही नाही.

उत्तर (म्हापसा)
शोधताना क्रमांकाला नंबर फंक्शन लावले आहे का? १.० मध्ये दोन्ही बाजू मजकूर म्हणून ताडल्या जात, त्यामुळे ते खपून जाई. २.० मध्ये स्कीमा (डेटाचे प्रकार ठरवणारी व्याख्या) नसलेला गुणधर्म मजकूरच मानला जातो आणि संख्या त्याच्याशी जुळत नाही. नंबर काढून टाकावे.

उत्तर (मडगाव)
नेमके हेच माझ्याही बाबतीत घडले होते. मॅप आपल्याला इथे लागणार नाही. शोधाचे मूल्य अनेक फाइलींतून जुळवायचे असेल किंवा फाइल स्ट्रीमिंगने (पूर्ण मेमरीत न घेता तुकड्यातुकड्याने) वाचायची असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण स्ट्रीम होणाऱ्या दस्तऐवजावर की चालत नाही. एक मात्र पाहावे: प्रत्येक पुस्तकासाठी प्रोसेसर वेगळा सुरू होत असेल तर सूचीही ४०,००० वेळा बांधली जाईल. सगळी पाने एकाच धावेत, रिझल्ट-डॉक्युमेंट (वेगळी फाइल लिहिणारी सूचना) वापरून काढावीत.