लाँगशिपवर १९० माणसं? खेळातल्या जहाजांचे आकडे खरे हवेत की नकोत?

होटगी_रोड:
रविवारी जुळे सोलापुरात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलावर पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य खेळाचा) डाव एका कोष्टकावर अडला. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या (डीएमच्या) नियमपुस्तकात, लाँगशिपला (व्हायकिंगांच्या लांबट, वल्ही-शिडाच्या जहाजाला) ४० खलाशी, १५० प्रवासी आणि वर १० टन माल दिलाय. १९० माणसं म्हणजे चार एसटी गच्च भरून वर काही उभी! नॉर्वेत सापडलेलं खरं व्हायकिंग जहाज, गोकस्टाड, साधारण ७६ फूट लांब आणि १७ फूट रुंद आहे. दोन्ही टोकं निमुळती आहेत हे सोडून अख्खा आयत धरला, तरी माणशी सात चौरस फूट येत नाहीत. त्यातच वल्ही मारायची. आणि खेळात एका पात्राला दिलेला पाच फुटी चौकोन घेतला तर डेकवर जेमतेम १५ गुणिले ३, म्हणजे ४५ चौकोन. आमच्या गटाने या कोष्टकावर विसंबून किनाऱ्यावर फौज उतरवायचा बेत आखला होता. नकाशा मांडला आणि बेत बारगळला. आधी लांबी-रुंदी ठरवा, माणसं त्यातून काढा, एवढंच माझं म्हणणं.

नवी_पेठ_डीएम:
भाऊ, तू फक्त चौकोन मोजालास. पाच फुटांचा चौकोन ही तलवार फिरवायला लागणारी जागा, बसायला लागणारी नव्हे. आषाढीला चंद्रभागेतल्या होडीत माणसं कशी बसतात ते बघ. आणि गोकस्टाडच का धरायचं? डेन्मार्कात रोस्किल्डला सापडलेलं व्हायकिंग जहाज सुमारे ३७ मीटर लांब आहे. कोष्टक डाव पुढे सरकावा म्हणून असतं. खेळाडूंना बेट गाठायचंय, जहाज बांधायचं नाही.

होटगी_रोड:
चंद्रभागा पाच-दहा मिनिटांत ओलांडतात. समुद्रावर चार दिवस झोपायचं कुठे, पाणी ठेवायचं कुठे? आणि रोस्किल्डच्या त्या जहाजावरही अभ्यासक शंभरेकच माणसं धरतात.

गलबत:
मला वेगाचा आकडा जास्त खटकतो. कोष्टकात गॅलीला, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या जहाजाला, ताशी चार मैल दिलेत. आपल्या मराठा गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असायची आणि ती ताशी चार मैल जाऊ शकत, असं अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने लिहिलंय. म्हणजे आकडा चोख. पण खेळात जहाज चोवीस तास चालतं आणि दिवसाचे ९६ मैल होतात! वल्हेकरी रात्री झोपत नाहीत का? शिडाच्या जहाजांबद्दल मात्र तक्रार नाही. गोकस्टाडची प्रतिकृती १८९३ मध्ये बर्गनहून साधारण चार आठवड्यांत न्यूफाउंडलंडला पोचली, मधे काही वेळा दहा नॉटने (ताशी साडेअकरा मैलांनी) पळाली. वारा पडला की सरासरी खाली येतेच, त्यामुळे लाँगशिपचे ताशी तीन मैल मी मान्य करतो.

नवी_पेठ_डीएम:
हे पटलं. रोजचे आठच तास वल्ही, पुढच्या डावापासून. पण हिट पॉइंटना, म्हणजे जहाज किती इजा सोसतं त्या आकड्याला, हात लावू नका. शिडाच्या जहाजाला ३०० पॉइंट आणि १५ चा डॅमेज थ्रेशोल्ड आहे, म्हणजे एका फटक्यात पंधरापेक्षा कमी इजा झाली तर ती धरायचीच नाही. बाणाने जहाज बुडत नाही. यापेक्षा वास्तव काय हवं?

गलबत:
बाणाचं ठीक, आगीचं काय? फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राची सरासरी इजा २८, म्हणजे जहाज संपवायला अकरा लागतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजावर इंग्रजांचा गोळा पडून आग लागली, ती पसरली आणि शेजारी-शेजारी नांगरलेलं आरमार जळून गेलं. लाकूड, दोर, डांबर, शिडाचं कापड. तिथे तीनशे पॉइंट कोण मोजणार?

नवी_पेठ_डीएम:
मंत्राच्या वर्णनातच आहे की अंगावर किंवा हातात नसलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेटतात. शिड पेटलं असं डीएमने सांगावं, नियम आड येत नाही.

होटगी_रोड:
मग ते कोष्टकातच का नसावं? २०१९ च्या घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श या खेळाच्याच पुस्तकात जहाजाचा सांगाडा, शिडं, सुकाणू यांना वेगवेगळे हिट पॉइंट दिलेत. शिडं जळाली की जहाज तरंगतं, पण पळत नाही. येत्या रविवारी मी तेच वापरणार. लाँगशिपवर मात्र सत्तरच माणसं चढतील, बाकीच्यांसाठी दुसरं जहाज विकत घ्या.