जुना डेस्कटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

प्रश्न (म्हापसा): चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, ४ जीबी डीडीआर३ रॅमचा आमचा संगणक सुरू व्हायला फार वेळ घेतो आणि त्याची तारीखही सारखी मागे जाते. दुकानदार नवाच घ्या म्हणतात. काय करावे?

उत्तर (फोंडा): तारखेचा दोष बहुधा मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेलचा असून तो बदलणे किरकोळ काम आहे. खरा फरक हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, बरीच वेगवान साठवण) बसवल्याने पडेल. रॅम ८ जीबी करावी, मात्र डीडीआर४ या पुढच्या पिढीच्या रॅमची पट्टी त्या खाचेत बसत नाही.

उत्तर (मडगाव): आपल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी टोकांवर थर चढतो; वीज बंद करून तो खोडरबराने हलकेच पुसावा. विंडोज १०चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही, त्यामुळे बँकेचे व्यवहार करायचे असल्यास विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.