मदत हवी आहे: थळझाड्यातली थळं (गावच्या जुन्या जमीन-यादीतले, नावानं ओळखले जाणारे तुकडे) सर्व्हे नंबरांशी कशी जुळवायची?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावची शेती पेशवाईपासून कशी बदलत गेली, याचा नकाशा करतोय. १८३५-३६ नंतरची बाजू बरीचशी लागली आहे. विंगेट-गोल्डस्मिड यांची ब्रिटिश जमीन-पाहणी याच तालुक्यातून सुरू झाली, त्यामुळे सर्व्हे नंबर, टिपणं (मोजणीच्या नोंदी), पुढे एकत्रीकरणानंतरचे गट नंबर, जुने फेरफार हे सगळं मिळालं. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस शिरला, तेही पीकपाहणीवरून दिसतं.

अडलंय त्याच्या आधी. पुणे पुराभिलेखागारात गावचा मोडी थळझाडा सापडला. त्यात नंबर नाहीतच, नुसती थळांची नावं, मिरास (वंशपरंपरागत हक्काची) की गतकुळ (मूळ कूळ नाहीसं झालेली), आणि क्षेत्र चाहूर-बिघा या जुन्या मापांत. मोडी मला सावकाश का होईना, वाचता येते. म्हाताऱ्या माणसांना विचारून चार थळं ओळखली. ‘चिंचेचं थळ’ अजून त्याच नावानं बोलतात, चिंच मात्र राहिलेली नाही. बिघ्याचा एकर करून क्षेत्र जुळवायला गेलो, पण बिघा जमिनीच्या प्रतीप्रमाणे लहानमोठा धरलेला वाटतो, त्यामुळे मेळ बसत नाही.

१८३५-३६ च्या त्या पाहणीच्या कागदांत थळाचं नाव आणि नवा नंबर शेजारी-शेजारी लिहिलेला असायचा का? असल्यास तो नेमक्या कुठल्या कागदात, आणि कुठल्या दप्तरात मागायचा?